दहावीनंतर आयटीआय की पॉलिटेक्निक?

दारव्ह्याच्या माझ्या मावसबहिणीचं पोट्टं ६१ टक्क्यांनी दहावी पास झालं आन् तवापासून घरात एकच विषय, ताई म्हणते पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, भाऊजी म्हणतात आयटीआय. मी स्वतः फिटर, म्हणून मले विचारलं.

वेळ पाहा. इलेक्ट्रिशियन, फिटर २ वर्षं, वेल्डर १ वर्षात मोकळा. डिप्लोमा ३ वर्षं, त्यात केटी लागली, म्हणजे विषय राहिला, की वाढते, आन् गणितात केटी लागतेच लागते, पुस्तकं बहुतेक इंग्रजीत.

खर्च म्हणाल तर सरकारी आयटीआयची फी नावापुरती. पॉलिटेक्निक सरकारी भेटलं तर परवडते, पण यवतमाळले रूम, मेस आलीच, आन् प्रायव्हेटले गेलं की कापसाचा अर्धा पैसा तिथंच. जाहिरातीतलं '१०० टक्के प्लेसमेंट' सोडून द्या, मागच्या बॅचच्या पोरायले फोन लावून विचारा.

मेहनत आयटीआयले हाताची. आम्ही पहिले कित्येक दिवस व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंजात, लोखंडाचा तुकडा पकडून नुसती फाईल, म्हणजे कानस, मारत होतो, तळहाताले फोड, आन् सर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून म्हणत, फटीतून उजेड दिसते, पुन्हा घास.

पुढं आयटीआयवाल्याले अप्रेंटिसशिप, महावितरण, रेल्वे. डिप्लोमावाल्याले ज्युनियर इंजिनियरच्या जागा, शिवाय इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाले अॅडमिशन. आयटीआयचा २ वर्षांचा ट्रेड, म्हणजे कोर्स, करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षालेही जाता येते, हे ताईले माहीतच नव्हतं.

घरी पैशाची लवकर गरज, हातात कला, तर आयटीआय. गणित जमते, ३ वर्षं घर थांबू शकते, तर डिप्लोमा. आमचं पोट्टं मोटरपंप स्वतः खोलते, मी इलेक्ट्रिशियन म्हणालो.