नागपूरच्या धंतोलीतील एका हृदयशस्त्रक्रिया विभागाचा अनुभव: माहितीपत्रक फसवे, सल्ला चोख

वडिलांच्या हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे निघाल्यावर आम्ही धंतोलीतील एका खासगी रुग्णालयात बायपाससाठी गेलो. नोंदणीच्या वेळी मिळालेल्या गुळगुळीत माहितीपत्रकात ‘बीटिंग हार्ट’ पद्धतीची, म्हणजे शस्त्रक्रियेदरम्यान हृदय-फुप्फुसांचे काम करणारे हार्ट-लंग मशीन न लावता धडधडत्या हृदयावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेची, भरपूर स्तुती आहे. मशीनचा उल्लेख मात्र ती जुनाट आणि टाळण्याजोगी गोष्ट असावी अशा सुरात केला आहे.

सर्जनांच्या खोलीत याच्या अगदी उलट अनुभव आला. त्यांनी जुन्या ईसीजीच्या पाठीमागे मशीन कसे चालते याची आकृती काढून दाखवली: उजव्या कप्प्यातून नळीने बाहेर येणारे रक्त, त्यात प्राणवायू मिसळणारा ऑक्सिजनेटर, महाधमनीत परत जाणारी नळी, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन आणि शेवटी त्याचा परिणाम उतरवणारे प्रोटामाइन. मग बाबांनी माहितीपत्रक पुढे केले, तेव्हा ते बाजूला सारून डॉक्टरसाहेबांनी संशोधनाची माहिती दिली, आणि माझ्या मते या विभागाची खरी सेवा तीच आहे.

या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या ‘कोरोनरी’ नावाच्या चाचणीत 19 देशांतील 4752 रुग्ण होते, त्यात भारतातलेही. मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि डायलिसिस लागण्याइतके मूत्रपिंड निकामी होणे यांच्या एकत्रित प्रमाणात 30 दिवसांनंतर दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या निष्कर्षांतही नाही. मशीनशिवाय केलेल्यांना रक्त कमी द्यावे लागले, हा फायदा डॉक्टरांनी लपवला नाही. पण अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या ‘रूबी’ चाचणीत वर्षभराने तपासले असता मशीनवर जोडलेल्या 87.8 टक्के ग्राफ्टमधून, म्हणजे अडथळा ओलांडण्यासाठी जोडलेल्या रक्तवाहिन्यांमधून, रक्त वाहत होते आणि मशीनशिवाय जोडलेल्या 82.6 टक्क्यांतून, हेही सांगितले. ‘कोरोनरी’तील सर्जनांना संबंधित पद्धतीच्या शंभराहून अधिक शस्त्रक्रियांचा अनुभव असण्याची अट होती, तर ‘रूबी’त ती अट बरीच सैल होती, हे कळल्यावर मी सरळ विचारले, “सर, तुमचा हात कशावर जास्त बसला आहे?” “मशीनवर,” असे उत्तर आले आणि आमचा निर्णय तिथेच झाला.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. अतिदक्षता विभागातील परिचारिका आणि तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमधून श्वास आत ओढायला लावणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताई यांच्याबद्दल तक्रारीला जागाच नाही. छातीचा पट्टा कसा बांधायचा आणि खोकताना उशी कशी धरायची, हे त्यांनी आईकडून दोनदा करून घेतले.

बिलाबाबत मात्र नाराजी आहे. आधी दिलेल्या अंदाजपत्रकात ऑक्सिजनेटर आणि नळ्यांच्या संचाचा खर्च धरलेलाच नव्हता. तो अंतिम बिलात प्रकटला आणि काउंटरवर त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळाले नाही. गडचिरोली-बालाघाटकडून मोजके पैसे घेऊन येणाऱ्यांना असा धक्का परवडणारा नाही. त्यामुळे दोन्ही पद्धतींचे अंदाजपत्रक साहित्यासकट लेखी मागून घ्यावे. सर्जनांना भेटायला शक्यतो दुपारची वेळ घ्यावी. सकाळी त्यांना शस्त्रक्रियेची घाई असते, आणि धंतोलीत गाडी लावायला जागा तर कोणत्याच वेळी मिळत नाही.