पॅलिओ १.६ ला १५ इंची रिम: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

आधी सेटअप सांगतो. फियाट पॅलिओ १.६, स्प्रिंग २५ मिमी खाली. पूर्वी १४ x ५.५ जे (१४ इंच व्यास, ५.५ इंच रुंदी), ईटी ४० रिम आणि १८५/६० आर१४ टायर (रुंदी १८५ मिमी, भिंत तिच्या ६० टक्के) होते. आता १५ x ६.५ जे, ईटी ३८ रिम आणि १९५/५० आर१५ टायर आहेत. चाकाची एकूण उंची ५७७.६ वरून ५७६ मिमी झाली, त्यामुळे स्पीडोमीटर आणि गिअरिंग जवळपास जिथल्या तिथे आहे.

दुकानात सगळे इंच विचारतात, ईटी कोणी विचारत नाही. काम बिघडतं ते मात्र ईटीमुळेच. हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारा भाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे, तो आकडा म्हणजे ईटी. तो कमी झाला की चाक बाहेर सरकतं. माझ्या मापात रिमची कड बाहेर १४.७ मिमी आणि आत १०.७ मिमी वाढली. टायरचं पोट मात्र बाहेर ९-१० आणि आत ५-६ मिमीच सरकलं, कारण टायरची रुंदी रिमइतकी वाढत नाही. म्हणून रिमची कड थोडी उघडी पडते आणि फुटपाथला घासायची भीती वाढते.

बाजारात ७ जे, ईटी २५ सहज दाखवतात. त्यात याच हिशेबाने रिमची कड ३४ मिमी आणि टायर सुमारे २५ मिमी बाहेर येतो. गाडी उभी असताना फार देखणी दिसते. पण मागे तीन माणसं बसली आणि स्पीडब्रेकर आला की टायर मडगार्डच्या आतल्या दुमडीला लागतो. दुमड रोलरने दाबता येते, पण हीट गनने नीट गरम न करता दाबली तर रंग तडकतो आणि पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. शिवाय चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर जोर वाढतो आणि चाकोरी पडलेल्या रस्त्यावर स्टिअरिंग हातातून ओढतं. बीड, लातूर, धाराशिवकडच्या काळ्या मातीवरच्या रस्त्यांना अशा चाकोऱ्या आणि लाटा भरपूर. माझ्या मते या गाडीला इकडे ईटी ३५ च्या खाली जाऊच नये.

आता खरा घोळ, पीसीडीचा, म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याच्या व्यासाचा. फियाटचा पीसीडी ४ x ९८ (चार बोल्ट, ९८ मिमी), तर बाजारातल्या बहुतेक चार बोल्टच्या रिमा ४ x १००. टेपने हा फरक कळत नाही, व्हर्निअर कॅलिपर लागतो. "दोन मिमीच तर आहे, बसतंय की" म्हणत साधे बोल्ट आवळून देणारे बरेच भेटतील. प्रत्येक भोक १ मिमी सरकलेलं असतं, त्यामुळे बोल्टचा शंकूसारखा टेकणारा भाग एकाच बाजूला टेकतो, बोल्ट तिरका ताणला जातो आणि पुढे सैल होतो. मी वॉबल बोल्ट वापरले. यांचा शंकू बोल्टपासून सुटा असतो आणि जागेवर सरकून बसतो. मापं अशी: एम१२ x १.२५ (१२ मिमी जाडी, आट्यांत १.२५ मिमी अंतर), शंकू ६० अंशांचा. बोल्ट हाताने किमान आठ आटे आत गेला पाहिजे.

तरी चाक मधोमध आणायचं काम वॉबल बोल्टचं नाही, हब आणि रिमच्या भोकातली फट भरणाऱ्या हब रिंगचं. हब ५८.१ मिमी, माझ्या रिमचं मधलं भोक ७३.१. म्हणून ७३.१ ते ५८.१ ची रिंग घातली. रिंग नसेल तर बॅलन्सिंग कितीही करा, ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरणारच. प्लास्टिकची रिंग घाटातल्या ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडू शकते. कन्नडचा घाट नेहमीचा असेल तर ॲल्युमिनियमचीच घ्या आणि बसवताना कॉपर ग्रीसचा हलका हात द्या, नाहीतर ती हबला घट्ट धरते. बोल्ट टॉर्क पान्याने, एअर गनने नाही: ८५ ते ९० न्यूटन-मीटर, फुलीच्या क्रमाने. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे.

चालवायला गाडी नक्कीच सुधारली. वळणावर पुढचं टोक लगेच ऐकतं, ब्रेकिंगला गाडी सरळ राहते. उभ्या गाडीत स्टिअरिंग थोडं जड झालंय. समृद्धीच्या काँक्रीटवर टायरचा आवाज पूर्वीपेक्षा जास्त येतो. टायरची भिंत १११ वरून ९७.५ मिमी झाली, ते खड्ड्याच्या कडेला लगेच जाणवतं. १६ इंचावर २०५/४५ घेतला तर भिंत ९२ मिमी आणि चाक मूळच्यापेक्षा १३ मिमी उंच. म्हणजे रिम वाकायची, टायरला फुगा यायची आणि पुढचं लायनर (मडगार्डच्या आतलं अस्तर) घासायची तिन्ही सोय एकदम. १६ इकडे नकोच.

हवा सकाळी थंड टायरमध्ये पुढे ३२, मागे ३०. मे महिन्यात दुपारी ३-४ पीएसआय वाढलेली दिसते, ती काढू नका. कमी हवेचा टायर उन्हात जास्त तापतो. लोड इंडेक्स ८२, म्हणजे टायरमागे ४७५ किलो, त्याच्या खालचा घेऊ नये.

स्टेपनी जुनी १४ इंचीच ठेवली आहे, उंची सारखी असल्याने चालते. तिच्यासाठी मूळ चार बोल्ट डिकीत ठेवा. अलॉयचे बोल्ट लांब असतात. पत्र्याच्या पातळ रिमला लावले तर मागे बाहेर येऊन ब्रेकच्या भागांना लागू शकतात.