ओझेगाहारा: लाकडी फळ्यांवरची दिवसभराची सोपी भटकंती

जपानमधली ही पाणथळ भूमी सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे. तोकुरा गावाहून बसने हातोमाची खिंडीत उतरायचं. यामानोहानापर्यंत ३.३ किलोमीटर, साधारण तासाभराचा उतार. पुढे रयूगूपर्यंत वाट जवळजवळ सपाट, त्यामुळे चालण्याची फारशी सवय नसलेले मित्रही आरामात येतात.

फळ्यांची देखभाल उत्तम आहे. दुहेरी वाटेवर उजव्या बाजूने चालायचं. पण पावसात ओलं लाकूड फार निसरडं होतं, आणि लोक घसरतात ते सपाटीवर नव्हे, सुरुवातीच्या उतारावर. पूर्ण तळवा टेकवत छोटी पावलं टाका. टोकदार काठीला रबरी टोपी लावा. फोटोसाठीसुद्धा फळीवरून खाली पाय नको. इथला पीटचा (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा) थर वर्षाला १ मिलिमीटरही वाढत नाही, तुडवलेली जागा भरून यायला पिढ्या जातात.

पांढऱ्या मिझुबाशो फुलांसाठी मे अखेर ते जूनचा पूर्वार्ध, पिवळ्या निक्को किसुगे फुलांसाठी जुलैचा मध्य गाठा. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी हवीत. कचरापेट्या नाहीत, कचरा परत न्यायचा. हा नियम आम्हाला मनापासून आवडतो. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून स्वतःजवळ घंटी बांधा. परतताना सुमारे २०० मीटर चढ आहे, म्हणून शेवटच्या बसच्या दोन तास आधी यामानोहाना सोडा.