पेंटॅक्स के-१०००: बेळगावच्या पावसाळ्यात चाळीस वर्षे

माझ्या थोरल्या काकांनी १९८४ साली घेतलेला पेंटॅक्स के-१००० हा फिल्मचा कॅमेरा गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे आणि त्यावर मी आजही नियमित फोटो काढतो. खानापूर आणि निपाणीकडची काही तरुण मंडळी जुना कॅमेरा घेण्याच्या विचारात आहेत आणि तो किती वर्षे चालेल असे मला वरचेवर विचारतात. हे परीक्षण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

के-१००० चे उत्पादन १९७६ साली सुरू झाले आणि १९९७ पर्यंत चालले. त्यात सेल्फ टायमरदेखील नाही. शटर स्प्रिंग आणि दातेरी चाकांवर चालते, एक सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत त्याचा वेग बदलता येतो, आणि सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. हा बटन सेल घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळतो. मीटरला बंद करण्याचे बटण नाही, त्यामुळे लेन्सवर झाकण नसेल तर सेल विनाकारण संपत राहतो. फोटो काढून झाला की लगेच झाकण लावण्याची काकांची शिस्त मी तेवढ्यासाठीच उचलली. सेल पूर्ण संपला तरी कॅमेरा अडत नाही. उन्हाचा अंदाज घेऊन हाताने वेग लावला की फोटो येतो, आणि राजहंसगडावर मी असे दोन रोल काढले आहेत.

शटर झिजण्याची भीती पुष्कळांना वाटते, पण साधा हिशेब करून पाहावा. वर्षाला वीस रोल काढले आणि प्रत्येक रोल छत्तीस फोटोंचा धरला, तरी चाळीस वर्षांत शटर २८,८०० वेळा उघडते. लग्नसराईत राबलेला डिजिटल कॅमेरा हा आकडा एका हंगामात सहज ओलांडतो. माझ्या अनुभवात या कॅमेऱ्याचा धातू आणि चाके कधी आड आली नाहीत; आड आले ते फोम, वंगण आणि काच. मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा फोम पंधरा-वीस वर्षांत डांबरासारखा चिकट होतो आणि त्याचा चुरा होऊ लागतो, मग तिथून प्रकाश आत शिरून फोटोवर लालसर पट्टे उमटतात. वंगण घट्ट झाले की एक सेकंदाचे शटर दीड-दोन सेकंद रेंगाळते. ही दोन्ही दुखणी बरी होतात.

काचेवरची बुरशी मात्र पूर्ण बरी होत नाही, आणि आपल्या भागात खरा शत्रू तीच आहे. जांबोटी आणि कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हवेतील दमटपणा वेगळा सांगायला नको. कॅमेरा माझ्याकडे आला त्याच वर्षी मी तो चामड्याच्या कव्हरात घालून लाकडी कपाटात ठेवला आणि गणपतीत बाहेर काढला, तेव्हा लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरलेले होते. बाजारपेठेतील एका जुन्या दुरुस्ती करणाऱ्यांनी लेन्स उघडून ती साफ केली आणि म्हणाले, “चामडं पाणी धरून ठेवतंय हो, पावसाळ्यात कव्हरात ठेवू नका.” तंतू गेले, पण बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेप जिथे खाल्ला होता तिथले डाग राहिले, आणि सूर्य समोर असताना माझे फोटो अजूनही किंचित फिके येतात. तेव्हापासून कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह राहतो, आणि त्याचे निळे दाणे गुलाबी झाले की मी ते बदलतो. पावसाळ्यातही दर पंधरा दिवसांनी कॅमेरा बाहेर काढून सगळ्या वेगांवर शटर चालवतो.

कॅमेऱ्याच्या मानाने फिल्मचे आयुष्य फार थोडे असते. खोक्यावरची मुदत साधारण दोन-तीन वर्षांची असते. फ्रिजमध्ये ठेवलेला रोल त्यानंतरही बराच काळ चांगला राहतो, मात्र तो बाहेर काढून दोन-तीन तास तसाच ठेवल्याशिवाय डबी उघडू नये, नाहीतर फिल्मवर दव धरते. मुदत संपलेल्या रंगीत निगेटिव्ह रोलला दर दहा वर्षांमागे दुप्पट प्रकाश द्यावा, असा छायाचित्रकारांचा ठोकताळा आहे. कृष्णधवल फिल्म अधिक काळ तग धरते. काकांच्या ट्रंकेत दोन न धुतलेले रोल सापडले, दोन्ही वीस वर्षांहून जुने. कृष्णधवल रोल धुतल्यावर शिवजयंतीच्या मिरवणुकीतले चित्ररथ, त्यापुढचे लेझीम आणि कडेला उभे असलेले माझे आजोबा धूसर का होईना, ओळखू आले. रंगीत रोलवर जांभळट सावल्यांपलीकडे काही उरले नव्हते, आणि त्यावर काय होते हे सांगायला काका हयात नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते. थंडीने काय फरक पडतो याचे मोठे उदाहरण आंद्रे या स्वीडिश संशोधकाच्या मोहिमेचे आहे: १८९७ मध्ये फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघालेली ती तीन माणसे परतली नाहीत, १९३० मध्ये बर्फाळ बेटावर त्यांचे अवशेष आणि फिल्म सापडल्या, आणि तेहतीस वर्षांनी धुतलेल्या त्या फिल्ममधून ९३ छायाचित्रे वाचवता आली. आपल्याकडे तसली थंडी नाही, म्हणून काढलेला रोल महिन्याभरात धुवायला द्यावा.

धुतलेल्या निगेटिव्हचीही काळजी घ्यावी लागते. ॲसिटेट या प्लास्टिकवर बनलेली फिल्म २१ अंश तापमानात आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवली तर सुमारे चाळीस वर्षांनी तिला व्हिनेगरचा वास येऊ लागतो, असा अमेरिकेतील इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. आपल्या उष्ण, दमट घरांत ही वेळ त्याआधीच येते. वास आलेली पट्टी बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळी करावी, कारण तिच्यातून सुटणारे आम्ल शेजारच्या निगेटिव्हही नासवते.

के-१००० घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घेताना मागचे झाकण उघडून कॅमेरा उजेड पडलेल्या भिंतीकडे धरावा आणि सर्व वेग चालवून पाहावेत, लेन्समधून टॉर्चचा प्रकाश टाकून बुरशी शोधावी, आणि मीटरचा काटा हलतो का ते बघावे. शेवटच्या काळात चीनमध्ये बनलेल्या कॅमेऱ्यांचा वरचा भाग प्लास्टिकचा आहे, त्यापेक्षा जुना धातूचा मिळाल्यास तो निवडावा. दुरुस्तीचा खर्च किमतीतच धरावा. सुटे भाग आता बंद पडलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यांतूनच काढावे लागतात आणि ते बसवणारे हात आपल्या जिल्ह्यात फार थोडे उरले आहेत, त्यामुळे ओळखीचा कारागीर आधी शोधावा आणि मगच कॅमेऱ्याचे पैसे द्यावेत.