६ मिमीचा पॅरलल पेन, क्राफ्टचं खोकं आणि देवनागरी: आठ महिन्यांनंतर

पॅरलल पेन म्हणजे धातूच्या दोन सपाट पट्ट्यांची निब असलेला सुलेखनाचा पेन, शाई त्या पट्ट्यांच्या मधून वाहते. आठव्या महिन्यात त्या दोन्ही पट्ट्या फाकल्या आणि रेघ मध्येच तुटायला लागली. विक्रेत्याचं उत्तर आलं: निब गॅरंटीत येत नाही, नवा पेन घ्या. ज्या वस्तूत निब सोडून दुसरं काही नाही, तिच्या गॅरंटीत निब नाही! हा अभिप्राय त्या चिडीतूनच सुरू झालाय. पण फाकण्यातला निम्मा दोष साफ करणाऱ्या हाताचा असतो, तेही खाली येईल.

वापर असा: पॅकेजिंगच्या प्रोजेक्टसाठी २०० ग्रॅम आमसुलांचं खोकं, १०० × ६० × १५० मिमी, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) तपकिरी क्राफ्ट बोर्ड, आणि दर्शनी बाजूवर हाताने लिहिलेलं नाव. पकड, टोपण, कार्ट्रिज यांवर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, ते सोडून देतो. दोन पेनांच्या निबा एकमेकींना टेकवून रंगातून रंग काढण्याची करामतही सोडून देतो. व्हिडिओत छान दिसते, खोक्यावर तिचा काही उपयोग नाही.

खरं दुखणं धारेचं आहे. हा पेन रोमन अक्षरांसाठी कापलेला आहे. रोमनमध्ये जाड रेघ वरून डावीकडून खाली उजवीकडे येते. देवनागरीत उलट, जाड रेघ वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरते. त्यासाठी निबची धार कागदावर डावीकडे वर आणि उजवीकडे खाली अशी पडायला हवी. सरळ कापलेली धार उजव्या हाताच्या साध्या पकडीत नेमकी याच्या उलट पडते. मग कोपर बाहेर काढून मनगट आत वळवायचं, नाहीतर कागद जवळजवळ आडवा करून लिहायचं. पहिली दहा अक्षरं जमतात, विसाव्याला मनगट आपोआप सैल पडतं. ४५ अंशांवर ६ मिमीच्या निबने दंड (उभी रेघ) आणि शिरोरेषा दोन्ही सव्वाचार मिमीच्या येतात, म्हणून अक्षर भरीव दिसतं. कोन ३० अंशांवर घसरला की दंड ५.२ मिमीचा आणि शिरोरेषा जेमतेम ३ मिमीची. ‘आमसूल’ या चारच अक्षरांच्या शब्दात ‘आ’ आणि ‘सू’ यांचे दंड वेगळ्या जाडीचे आले, तर ते दुकानाच्या फळीवर सहा फुटांवरूनही कळतं. (डावखुऱ्यांना हा कोन फुकटात मिळतो. त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल.)

बोरूत हा प्रश्नच नव्हता. चाकू आपल्या हातात, तिरका काप हवा तेवढा द्यायचा. इथे धातू आहे, म्हणून घासावा लागतो. पेन पूर्ण रिकामा करून धुवून घ्या. लिहिण्याच्या स्थितीत धरून वरून पाहिलं की उजवा कोपरा आखूड आणि डावा लांब हवा. मार्करने रेघ मारून ठेवा. काच सपाट टेबलावर ठेवून तिच्यावर १००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून पसरा. दोन्ही पट्ट्या एकत्र धरून, दाब न देता, एकाच दिशेने ओढा. पुढे-मागे घासलं की एक पट्टी दुसरीपेक्षा किंचित आखूड होते आणि शाई त्या बाजूने गळते. दर दहा-बारा ओढींनंतर धुवून कोन तपासा. शेवटी २००० नंबरवर धार गुळगुळीत करा आणि दोन्ही टोकांचे कोपरे नखभर मोडा. नाहीतर लांब टोक क्राफ्टच्या तंतूंत रुततं आणि शिंतोडे उडतात.

किती अंश घासायचं यात लोक चुकतात. २० अंशांच्या तिरकेपणाला उजव्या कोपऱ्यातून २.२ मिमी धातू जातो, ३० अंशांना साडेतीन मिमी. साडेतीन मिमी म्हणजे पट्ट्यांचं आयुष्यच काढून घेणं. २० पुरे. उरलेले २५ अंश कागद डावीकडे कलता ठेवून भरून निघतात, पेनाचा दांडा छातीकडे सरळ राहिला की झालं. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही: तिरकी कापली की धार लांब होते. ६ मिमीची ६.४ मिमी होते, रेघा सव्वाचारऐवजी साडेचार मिमीच्या. निबच्या पाच पट उंची धरून आखलेली जाळी आता ३० नव्हे, ३२ मिमीची लागते. जुन्या जाळीवर लिहिलं तर ‘सू’ची गाठ बुजते. आणि अर्थात या पेनाने रोमन आता विसरा.

शाईबद्दलचं मत मात्र बदललं. पहिले दोन महिने शाई फुटते, कडेला मिशा येतात, म्हणून पेनालाच शिव्या दिल्या. तोच पेन गुळगुळीत कार्ट्रिज पेपरवर सुरीसारखी धार देत होता. दोष क्राफ्टचा. साइझिंग केलेला, म्हणजे वरून खळ बसवलेला कागद पाणी अडवतो, साधा क्राफ्ट टिपकागदासारखं पितो. एका बाजूने चकचकीत असलेला क्राफ्ट मिळाला तर त्याच बाजूवर लिहा, निम्मं काम तिथेच होतं. नाहीतर १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम कॉर्नफ्लॉर शिजवून पातळ खळ करा, गार झाल्यावर रुंद सपाट ब्रशने एक हात द्या. दोन्ही बाजूंना द्या. एकाच बाजूला दिलं की बोर्ड पन्हळीसारखा वळतो. वजनाखाली रात्रभर वाळवा. खळ जाड झाली तर शाई वर तरंगते आणि बोटाला लागते, तेव्हा पातळच बरी. बाटलीतल्या शाईत १० मिलीला डिंकाच्या पाण्याचे तीन-चार थेंब घातले तरी फुटणं कमी होतं, पण ती शाई बुडवून वापरायची, कार्ट्रिजमध्ये कधीही भरायची नाही.

तपकिरीवर रंगीत शाईची हौस करू नका. त्या शाया पारदर्शक, लाल त्यावर काथ्यासारखा होतो, निळा जवळजवळ काळा. काळा किंवा पांढरा, दोनच. पांढऱ्यासाठी पोस्टर कलर निरशा दुधाइतका पातळ करून ब्रशने दोन पट्ट्यांच्या मध्ये भरायचा. एका भरणीत एखाददुसरं अक्षर निघतं, तेही दुसरा थर दिल्यावर अपारदर्शक दिसतं. पेनाचा सगळा फायदा सलग वाहत्या शाईचा, तो इथे संपतो. पांढऱ्यासाठी बोरूच वापरा, अक्षराचा भाव तोच आणि धुणंही सोपं.

आता फाकलेल्या पट्ट्या. वॉटरप्रूफ काळ्या शाईत लाखेचं द्रावण असेल तर ती वाळल्यावर पट्ट्यांमध्ये घट्ट बसते, नुसत्या पाण्याने निघत नाही. पट्ट्यांमधली फट साफ करायला पेनाबरोबर येणारी पारदर्शक पातळ फिल्म हरवली की लोक ओएचपी शीटची पट्टी घालतात. ती जाड पडते, दोनदा ओढली की पट्ट्या कायमच्या उघडतात. आठव्या महिन्यातला बिघाड असाच होता. योग्य पद्धत: कोमट पाण्यात साबणाचा थेंब, अर्धा तास बुडवून ठेवणं, पिचकारीने उलटं पाणी सोडणं, मगच फिल्म. दुधाच्या पिशवीची एकेरी पट्टी चालते, मऊ असल्याने सरकवायला वेळ लागतो एवढंच. स्पिरिटचा मोह टाळा, प्लास्टिकच्या भागांचा भरवसा नाही. फाकलेल्या पट्ट्या सुधारतात: मध्ये फिल्म ठेवून, बाहेरून कापड गुंडाळून, सपाट तोंडाच्या पक्कडीने मुळापासून टोकाकडे हलका दाब. उजेडासमोर धरल्यावर फट सगळीकडे केसाएवढी सारखी दिसली की थांबा. एवढं विक्रेत्याने सांगितलं असतं तर नवा पेन खपला नसता, हेही खरंच.

खोक्याचा भाग जास्त महत्त्वाचा, कारण सुंदर अक्षर वाईट घडीवर वाया जातं. क्रम असा: आखणी, अक्षर, वाळवणं, क्रीझ (घडीसाठी दाबून पाडलेली रेघ), काप, चिकटवणं. क्रीझ आधी मारलात तर बोर्ड सपाट राहत नाही आणि निब उडी मारते. अक्षर घडीपासून किमान ५ मिमी आत ठेवा, घडीवर आलेली शाई तडकते. बोर्डचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, ओळखायला ५० मिमीचा चौकोन कापून एका बाजूने ओला करा, तो ज्या अक्षाभोवती वळतो तीच ग्रेनची दिशा. ग्रेन खोक्याभोवती आडवा फिरला पाहिजे, उभ्या घड्यांना काटकोनात. तरच आमसुलांनी भरल्यावर बाजू फुगत नाहीत. किंमत म्हणून उभ्या घड्या ग्रेनच्या आडव्या पडतात आणि क्रीझ नीट नसेल तर फाटतात.

क्रीझसाठी यंत्र लागत नाही. ०.४ मिमी जाडीच्या त्याच बोर्डच्या दोन पट्ट्या दीड मिमी अंतर सोडून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, झाली खाच. बोर्डची बाहेरची बाजू वर ठेवून, स्टीलच्या पट्टीला टेकवून, संपलेल्या रिफिलचा बॉलपेन खाचेवरून दोनदा ओढा. फुगवटा मागे येतो आणि घडी घालताना तो आतल्या बाजूला राहतो. उलटी घडी घातली तर बाहेरचा थर ताणून सोलतो. कटरने बाहेरून अर्धा काप देण्याची सवय सोडा. पहिल्या दिवशी घडी धारदार दिसते, दहाव्यांदा झाकण उघडलं की झाकण हातात. झाकणाची आत जाणारी जीभ खोक्यापेक्षा १ मिमी अरुंद, चिकटवायची पट्टी १५ मिमी, फेविकॉल बोटाने पुसून पातळ, वर कपड्यांचे चिमटे.

सक्तीचा मजकूर हाताने लिहू नका. १४ अंकी फूड लायसन्स क्रमांक, वजन, तारीख, हिरवा शाकाहारी ठिपका हे सगळं छापील हवं. ठिपक्याचा व्यास दर्शनी बाजूच्या क्षेत्रफळावर ठरतो: १०० ते ५०० चौ. सेंमीला किमान ४ मिमी, म्हणजे या खोक्याला (१५० चौ. सेंमी) निदान तेवढा. कायद्याने सक्तीचा मजकूर हिंदी देवनागरीत किंवा इंग्रजीत हवा, नुसत्या मराठीने भागत नाही. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेच्या ‘मुक्ता’सारखा मोफत फाँट घ्या आणि मराठी भाषा निवडलेली आहे ना ते पाहा. नाहीतर पुढे हाताने काढलेला पाकळीयुक्त ‘ल’ आणि मागे हिंदी वळणाचा, असं एकाच खोक्यावर येतं. परीक्षकाला ते दिसतंच.

पन्नास खोकी हवी असतील तर पन्नासदा लिहू नका. पांढऱ्या कागदावर काळ्याने एकदा, ६०० डीपीआयला काळं-पांढरं स्कॅन, आणि क्राफ्टवर पांढरा स्क्रीन प्रिंट. फार बारीक रेघ स्क्रीनला सोसत नाही, म्हणून टोकांचे केस आधी हाताने जाड करून ठेवा.

पुन्हा घ्यायचा झाला तर ३.८ मिमीचा घ्यावा. हिशेब साधा आहे: १०० मिमीच्या दर्शनी बाजूला कडेचे ५-५ मिमी सोडले की ९० उरतात. ६ मिमीच्या निबने एक अक्षर २५ ते ३० मिमी रुंद येतं, म्हणजे तीन अक्षरांचं ‘कोकम’ कसंबसं मावतं, ‘आमसूल’ मावतच नाही. ३.८ने अक्षराची उंची १९ मिमी, चार अक्षरं सुमारे ७५ मिमीत. ‘सू’चा दीर्घ उकारही वजनाच्या ओळीत घुसत नाही. आणि बारीक निब २० अंशांना घासायला धातू कमी जातो, १.४ मिमी.