शॉकच्या पेशंटसाठी ५० मिलीचा सिरिंज पंप: काय जमतं, कुठे घात होतो

शॉकच्या, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोहोचत नाही अशा पेशंटला नॉरॲड्रेनलिन (नॉरॲड) हे रक्तवाहिन्या आवळून बीपी चढवणारं औषध द्यायचं तर सिरिंज पंप, म्हणजे सिरिंजचा दट्ट्या ठरलेल्या दराने ढकलणारं यंत्र, हवाच. या औषधाचा असर दोन-तीन मिनिटांत ओसरतो, त्यामुळे ठिबकचे थेंब मोजून दिलं की पेशंटने हात वाकवताच बीपी घसरतं आणि हात सरळ केला की उसळतं. पंपावर ताशी ०.१ मिलीने दर वाढवता-घटवता येतो. एवढ्या एका कारणासाठी तो घ्यावा. मात्र पंप फक्त दर सांभाळतो, पेशंटला सांभाळत नाही, आणि नेमक्या कमी दरावर त्याच्या उणिवा सर्वांत जास्त उघड्या पडतात.

बीपी पडलं की पंपाकडे धावायची सवय आधी मोडायला हवी. रक्त वाहून गेलेल्या पेशंटची भरपाई नॉरॲडने होत नाही. तिथे रक्तस्राव थांबवणं, मोठ्या बोअरच्या (जाड) दोन सुया आणि रक्त हेच उपचार; पंप मॉनिटरवरचा आकडा सुधारतो आणि आतले अवयव आणखी उपाशी ठेवतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये (जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत) पहिलं औषध ॲड्रेनलिन, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत: मोठ्या माणसाला ०.५ मिग्रॅ, उतार नसेल तर ५ मिनिटांनी पुन्हा. पेशंटला आडवं ठेवायचं, एकदम उठवून बसवायचं नाही. इन्फ्युजनचा, म्हणजे शिरेतून सतत औषध देण्याचा नंबर नंतर. मानेच्या शिरा फुगलेल्या, एका बाजूला हवा जात नाही, श्वासनलिका सरकलेली असेल तर छातीतली हवा आधी काढावी लागते. छातीत क्रेप्ट्स (श्वासाबरोबर ऐकू येणारा चरचर आवाज), हातपाय गार आणि मानेच्या शिरा भरलेल्या असतील तर हृदयच थकलं आहे; तिथे सलाइनची बाटली भराभर सोडली तर फुप्फुसात पाणी भरतं. मणक्याच्या दुखापतीत बीपी कमी, पण त्वचा उबदार आणि नाडी संथ असते. पंपाचं खरं घर सेप्टिक शॉक, म्हणजे जंतुसंसर्गामुळे आलेला शॉक: तिथे पहिल्या ३ तासांत किलोमागे ३० मिलीच्या आसपास सलाइन, तासाभरात अँटिबायोटिक आणि मीन प्रेशर (सरासरी बीपी) ६५ गाठण्यासाठी नॉरॲड. बीपी फारच खाली असेल तर सलाइन पूर्ण संपायची वाट बघू नये.

आता हिशोब. ५० मिलीत ४ मिग्रॅ नॉरॲड म्हणजे मिलीत ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या पेशंटला किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचं तर तासाला ३६० मायक्रोग्रॅम, म्हणजे ताशी ४.५ मिली. ॲम्प्यूलवर (औषधाच्या काचेच्या कुपीवर) छापलेलं वजन बेसचं (मूळ औषधाचं) आहे की बायटार्ट्रेटचं (त्याच्या क्षाराचं), हे दरवेळी वाचावं. २ मिग्रॅ बायटार्ट्रेटमध्ये बेस १ मिग्रॅच असतं. ही गल्लत झाली तर डोस थेट निम्मा किंवा दुप्पट होतो, आणि पंप ती कधीच पकडणार नाही. सिरिंजवर औषध, एकूण मात्रा, मिलीतली ताकद आणि भरल्याची वेळ लिहिलेलं लेबल हवं. दुप्पट ताकदीची सिरिंज भरली तर ते लेबलवर ठळक दिसलं पाहिजे.

पंपावर सिरिंजचा ब्रँड निवडताना घाई नको. पंप दट्ट्या किती सरकला ते मोजतो आणि सिरिंजच्या आतल्या व्यासावरून मिली ठरवतो; व्यास चुकीचा निवडला की स्क्रीनवरचा दर खोटा ठरतो.

सुरुवातीचा उशीर ही या यंत्राची सर्वांत छळणारी गोष्ट. सिरिंज बसवल्यावर दट्ट्या आणि पंपाचा ढकलणारा भाग यांच्यात बारीक फट राहते. ती भरून निघेपर्यंत स्क्रीनवर ४.५ दिसतं आणि पेशंटला काहीच जात नाही. म्हणून लाइन (सिरिंजपासून पेशंटपर्यंतची नळी) पेशंटला जोडण्यापूर्वीच पंपाचं पर्जचं (औषध भराभर पुढे ढकलण्याचं) बटण दाबून टोकाला थेंब येईपर्यंत औषध पुढे न्यावं. सेंट्रल लाइनच्या (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) लुमेनमध्ये, म्हणजे आतल्या एका मार्गात ०.४५ मिली जागा धरली तरी ताशी ४.५ मिलीने ती भरायला ६ मिनिटं लागतात. तेवढ्यात बीपी चढत नाही म्हणून दर दुप्पट केला, की मग औषध पोहोचतं तेव्हा बीपी भडकतं.

दुसरी गोष्ट ऑक्लूजनची, म्हणजे लाइन अडण्याची. थ्री-वे (लाइनवरची तीन तोंडांची चावी) बंद राहिला किंवा लाइन खाटेच्या कठड्यात दबली तर अलार्म लगेच वाजत नाही. मोठी सिरिंज, लवचिक लाइन, ताशी १ मिलीसारखा दर आणि अलार्मची मर्यादा वर ठेवलेली असेल तर अर्ध्या तासाहूनही जास्त वेळ जाऊ शकतो. त्या काळात पेशंट औषधाविना असतो आणि लाइनमध्ये दाब साठत असतो. अलार्म वाजताच थ्री-वे पेशंटकडे उघडणं ही घातक चूक. समजा अर्धा मिली अडकला होता. ते ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे वरच्या पेशंटचा साडेसहा मिनिटांचा डोस, एका झटक्यात आत जातो. आधी पेशंटकडची बाजू बंद ठेवून दाब बाहेर सोडावा, अडथळा काढावा आणि मग जोडावं. दाब आपोआप मागे घेणारं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्यावं, आणि दाबाची मर्यादा कमीत कमी ठेवावी.

बीपीचा कफ नॉरॲड जात असलेल्या हाताला बांधू नये. कफ फुगला की लाइन बंद, सैल झाला की बोलस, म्हणजे अडकलेलं औषध एकदम आत. पंप छातीच्या पातळीला असावा, चालू असताना वर-खाली करू नये. नॉरॲडच्या लुमेनमधून इंजेक्शन देऊ नये, फ्लश (सलाइन ढकलून लाइन धुणं) तर नकोच. सोडाबायकार्ब वेगळ्या लाइनने.

सिरिंज बदलताना एक पंप पुरत नाही, म्हणून खरेदी करताना पेशंटमागे एक जादा धरावा. जुनी संपायच्या अर्धा तास आधी नवी भरून, पर्ज करून दुसऱ्या पंपावर त्याच दराने चालू करायची. बीपी चढायला लागलं की जुना पंप थोडा थोडा उतरवत बंद करायचा. या वेळात नजर मॉनिटरवरून हलता कामा नये, आणि शक्य असेल तर आर्टेरियल लाइन (धमनीत घालून बीपी सतत दाखवणारी नळी) हवीच. इतक्या कमी बीपीत कफचे आकडे भरवशाचे नसतात.

सेंट्रल लाइन येईपर्यंत कोपराच्या आसपासच्या चांगल्या शिरेतून थोडा काळ चालवता येतं, पण जागा वरचेवर बघावी. फिकट, गार, कडक वाटली तर पंप थांबवा आणि नॉरॲड दुसऱ्या शिरेतून सुरू करा. जुनी सुई लगेच काढू नका, तिच्यातून जेवढं ओढता येईल तेवढं ओढा आणि फेंटोलामाइनसाठी (तिथल्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधासाठी) डॉक्टरांना बोलवा.

डोस वाढवण्याआधी पेशंटला हात लावा. बोटाचं टोक १० सेकंद दाबून सोडल्यावर रंग यायला ३ सेकंदांहून जास्त लागतात का, ६० किलोच्या पेशंटची लघवी तासाला ३० मिली होते का, गुंगी वाढली का, लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) उतरतंय का. मीन ६५ आणि लघवी शून्य असेल तर तो आकडा डॉक्टरांना सांगताना लघवीही सांगा.

घेताना बॅटरी तपासा: पूर्ण चार्जवर, प्लग काढून, ताशी ५ मिलीने चालवून. पेशंट सीटीला न्यायचा असेल तेव्हा तिचीच परीक्षा होते.