सामोआ एक्सप्रेसची तिकिटं, नौपाड्याचे काका आणि माझे गेलेले पैसे

नौपाड्यात एका फरसाणवाल्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, पोस्टाच्या तिकिटांचं छोटंसं दुकान आहे. नाव टाकत नाही, कारण काकांनीच हात जोडून सांगितलंय की गर्दी नको. बोर्ड नाही, लिफ्ट तर विसराच.

मला नाद आहे पॅसिफिक बेटांवरच्या खाजगी टपालाचा (घरचे खूळ म्हणतात). तिथे सरकारी पोस्ट धड नव्हतं तेव्हा लोकांनी स्वतःच सुरू केलेलं टपाल. फिजीत लेवुका गावी जॉर्ज लिटलटन ग्रिफिथ्स हा पेपरवाला, त्याने १८७० च्या नोव्हेंबरात आपल्याच फिजी टाइम्सच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून, चौकडीच्या गुलाबी कागदावर १, ३, ६ पेनी आणि १ शिलिंगची तिकिटं छापली, कडेला भोकं नाहीत, नुसत्या चिरा! तो पेपर अजून निघतो. ही तिकिटं मला या जन्मात मिळणार नाहीत, काकांकडे पण फक्त लिलावाच्या कॅटलॉगची झेरॉक्स आहे, तीच बघून यायचं.

सामोआचं मात्र जमू शकतं. तिथे विल्यम अ‍ॅगरने १८७७ मध्ये सामोआ एक्सप्रेस नावाचं खाजगी टपाल काढलं, तिकिटं सिडनीत छापून घेतली, आणि १८८१ मध्ये सगळं आटोपलं. पण पुढे गोची अशी झाली की सेवा बंद पडल्यावर अल्बमवाल्यांसाठी तीच तिकिटं परत परत छापली गेली, त्यामुळे जुन्या अल्बमात दिसतात ती बहुतेक हीच. मी मागच्या वर्षी ऑनलाइन एकाकडून आख्खा सेट अस्सल म्हणून २८०० ला घेतला आणि मोठ्या ऐटीत काकांना दाखवायला गेलो. काकांनी भिंग लावलं, काहीच बोलले नाहीत, भिंग माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "तिकिटावर सामोआ लिहिलंय, त्यातल्या एम अक्षराच्या मधल्या दांडीखाली बघ." रंगाचा ठिपका. दुसऱ्यावर पण, तिसऱ्यावर पण. "हे कधी टपालात गेलंच नाही रे, जन्मलंच अल्बमसाठी."

त्यांच्याकडे हीच पुनर्मुद्रणं दीडशेला एक आहेत, पाकिटावर पेन्सिलीने 'पुनर्मुद्रण' लिहिलेलं. मग गेल्या महिन्यात त्यांच्याकडे एक अस्सल ३ पेनी आलं, मी लगेच पाकीट काढलं तर म्हणे थांब, ट्यूबलाइटखाली घ्यायचं नाही, खिडकीशी चल. उजेडात धरल्यावर मागे एका कोपऱ्यात कागद पातळ झालेला दिसला, मला तर दाखवूनसुद्धा दोनदा दिसला नाही, आणि काकांनी स्वतःच पाचशे कमी केले. चिमटा मात्र माझ्या हातात दिला नाही शेवटपर्यंत, हात थरथरत होता म्हणून असेल.

आता तक्रारी. जीपे चालत नाही, रोख न्या. एक ते चार काका झोपतात, खाली कितीही बेल वाजवा. आणि खालच्या तळणाचा वास स्टॉकबुकात (तिकिटं खोचून ठेवायची वही) मुरलाय, पावसाळ्यात तर दमट हवेने डिंकवाली तिकिटं चिकटतात, मी दोनदा सिलिका जेलच्या पुड्या नेऊन दिल्या तरी अजून ड्रॉवरमध्येच पडल्यात.

स्टार साडेचार. अर्धा त्या जिन्यासाठी कापला.